एकोणपन्नासावर थांबलेला हिवाळा

यंदा नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी बायकोनं एसी बंद केला. एप्रिलपासून अखंड चाललेली घरघर थांबली आणि घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. तिनं खिडकी उघडली, तर सात महिने कुठंतरी जाऊन राहिलेले खालचे सगळे आवाज एकेक करून आत आले. पारवे, मशिदीच्या अंगणातला झाडू, समोरच्या गॅलरीत कुणीतरी झटकत असलेला गालिचा. वाऱ्याला कोरडा, खारट वास होता. बहरीनचा हिवाळा असा येतो. अंगाला कळायच्या आधी तो कानाला कळतो.

या दिवसांत इथं प्रत्येकाचं काहीतरी बाहेर निघतं. कुणाची कोळशाची शेगडी निघते, कुणी गच्चीवरच्या डब्यांत मेथी पेरतं, कुणी पोरांच्या सायकलींना हवा भरून आणतं. माझं अरादचं मैदान बाहेर निघतं. ते नको म्हटलं तरी निघतं.

मैदान आपलं म्हणायला. किल्ल्याच्या अलीकडे, समुद्राला लागून, वाळू आणि खडीचा सपाट तुकडा होता. विमानतळ पलीकडेच. विमान इतक्या खालून जायचं की त्याची सावली गोलच्या तोंडावरून सरकत जायची. बशीरच्या पायात बॉल असला तरी तो मान वर करून ओरडायचा, "बघ मास्तर, आपली सुट्टी चालली!" तेवढ्यात कुणीतरी त्याच्या पायातून बॉल काढून न्यायचं, आणि तो हसत हसत मागे धावायचा. या गोष्टीला सोळा वर्षं झाली. विमानं अजूनही त्याच उंचीवरून जातात. मी मात्र मुहर्रककडे जायचं झालं तर गाडी अरादच्या बाजूनं घेत नाही.

मी मास्तर नाही. कंपनीत टाइमकीपर म्हणून आलो, आता अॅडमिनमध्ये आहे. कोण किती वाजता आलं, कोण गैरहजर, कुणाचा ओव्हरटाइम, हे लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. हातात कायम रजिस्टर, म्हणून बशीरनं मला मास्तर केलं. मी गुहागरकडचा गमरे, तो श्रीवर्धनचा. मी ऑफिसात, तो एसी मेकॅनिक. कंपनीच्या कॅम्पमध्ये आमच्या खाटा समोरासमोर होत्या. सकाळी उठल्यावर तो मला "जय भीम, मास्तर" म्हणायचा आणि मी त्याला "सलाम, बशीर". पहिल्यांदा ते चेष्टेत सुरू झालं असेल. मग सवय झाली, आणि सवयीचं पुढे काय होतं ते सांगायला नको. आपापल्या गावची बोली आम्ही एकमेकांसाठी थोडी थोडी घासून घेतली होती. तो फोनवर घरी बायकोशी बोलायला लागला की मला त्याचं निम्मं कळायचं नाही.

आणि डॉनलसाहेब. ते मेंटेनन्सचे मॅनेजर, आयर्लंडचे, साठीला आलेले. चेहरा लाल, उन्हावर कायमचे नाराज. पहिल्या दिवशी मी मस्टरवर सही घ्यायला त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सवयीनं उभा राहिलो. त्यांनी सही केली नाही. समोरची खुर्ची दाखवली आणि मी बसेपर्यंत पेन हातात धरून ठेवलं. अकरा वर्षांच्या नोकरीत कुठल्या साहेबानं मला बसायला सांगितलेलं नव्हतं. ही खुर्ची लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही, पण पुढे मी जे केलं ते कुणाकडून काय मिळावं म्हणून केलं, हे समजायला ती लागते.

त्यांच्या टेबलावर जाड पुठ्ठ्याची एक वही असे. मला वाटलं कामाची असेल. एक दिवस त्यांनीच उघडून दाखवली. आयर्लंडकडून फुटबॉल खेळलेल्यांची नावं, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढे तो देशासाठी किती वेळा मैदानात उतरला त्याच्या रेघा. शाळकरी वयापासून लिहीत आलेले. सुरुवातीचं अक्षर पोरकट, मग कॉलेजचं, मग म्हाताऱ्याचं. एका वहीत एका माणसाचं पूर्ण आयुष्य, आणि त्यात त्याचं स्वतःचं नाव कुठंच नाही. बायकांच्या टीमची पानं वहीच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू होत होती. "त्या मधे येऊन भेटतील," ते म्हणाले.

त्यांच्याकडे देशाकडून खेळलेल्या सामन्यांना टोप्या म्हणतात. फार पूर्वी म्हणे खरोखरीची टोपी द्यायचे, मखमलीची, गोंडा लावलेली. शंभर टोप्या म्हणजे मोठी गोष्ट. ज्यांनी शंभरी गाठली त्यांची नावं साहेबांनी हिरव्या शाईनं लिहिली होती, आणि ती हाताच्या बोटांवर मावत होती. त्यांतला एकजण शंभराव्या सामन्याला उतरला, तेव्हा त्यांनी ऑफिसात केक आणला. आमच्यातल्या कुणालाच त्याचं नाव नीट म्हणता येईना. सगळ्यांनी केक मात्र नीट खाल्ला.

मला त्या वहीचं वेड लागलं. त्यात एक डावखुरा होता. तो सगळ्यांत हुशार नव्हता, साहेब म्हणायचे, लोक त्याला हसायचेसुद्धा, पण वर्षानुवर्षं त्यानं एक सामना चुकवला नाही. दर वेळी हजर. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसायचो. आणि गोलकीपर. एक गोलकीपर शंभरच्या पुढे जातो तेव्हा त्याच्यामागे बाकावर कुणीतरी बसलेला असतो. तोही विमानानं आलेला असतो, त्यानंही तोच शर्ट घातलेला असतो, त्यानंही राष्ट्रगीताला छाती फुगवलेली असते. त्याच्या नावापुढे रेघ नाही. मी विचारलं, "ह्यांचं काय, सर?" साहेबांनी खांदे उडवले. म्हणाले, "आमचा देश लहान आहे, गमरे. लहान देशात कोण कोण उतरलं होतं ते कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. कोण बसलं होतं तेही लिहायला लागलो तर वही पुरायची नाही."

वहीचे दोन नियम होते. पहिला: पाय मैदानात पडला की सामना झाला. नव्वद मिनिटं खेळा नाहीतर शेवटचं एक मिनिट, बॉलला पाय लागो न लागो, रेघ पक्की. त्यांच्या वहीत अशीही नावं होती ज्यांचं देशासाठीचं सगळं खेळणं दोन-चार मिनिटांचं होतं. "ते त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही," ते म्हणायचे, आणि हे म्हणताना दरवेळी वहीवर हात ठेवायचे. दुसरा नियम: अर्धवट सुटलेला सामना शिसपेन्सिलीनं. तो मोजायचा नाही.

हे दोन नियम मला तोंडपाठ होते. पुढचं वाचताना हे विसरू नका.

कॅम्पच्या टीमचं रजिस्टर ठेवायची कल्पना साहेबांचीच. जुम्म्याची नमाज, मग जेवण, मग आम्ही कंपनीच्या बसनं अरादला. चुन्याच्या रेषा मी मारायचो. डिफेन्समध्ये मी खेळायचो, कारण तिथं कुणाला खेळायचं नसे. बशीर डावीकडून. काय धावायचा! आम्ही वाळूत घोट्यापर्यंत रुतायचो, आणि हा वाळूवरून असा जायचा की जणू तिनं त्याला ओळखलंय. समोरच्या टीमचे लोक त्याला "यल्ला बशीर, यल्ला" म्हणून ओरडायचे, विरोधात असून. पण त्याला शुक्रवारची ड्यूटी लागायची. उन्हाळा असो नाहीतर हिवाळा, कुणाचा तरी एसी बंद पडायचाच. मला शुक्रवार कायम मोकळा. म्हणून तीन हिवाळ्यांत, खेळाशी काहीही संबंध नसताना, माझ्या रेघा त्याच्या रेघांच्या जवळ येत गेल्या.

तिसऱ्या हिवाळ्यात साहेबांनी जाहीर केलं की मार्चमध्ये ते कायमचे घरी जाणार, आणि त्याआधी जो पहिल्यांदा पन्नास सामने पूर्ण करेल त्याला ते स्वतःच्या हातानं टोपी देतील. खरीखुरी. टोपी शिवून आणायला त्यांनी मला आणि बशीरला मनामाच्या सूकमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात, पाठवलं. साहेबांनी कागदावर काढून दिलेलं चित्र शिंप्यानं आडवं धरलं, उभं धरलं.

"बारात में बैंडवाले पहनेंगे क्या, भाईसाब?"

"नहीं चाचा," बशीर म्हणाला, "ये मेरे सर पे आएगी. नाप ले लो."

शिंप्यानं खरंच त्याच्या डोक्याचं माप घेतलं. मी बाजूला स्टुलावर बसलो होतो. मला कुणी विचारलं नाही. विचारायचं काही कारणही नव्हतं. बशीर पुढे होता. बाहेर पडल्यावर आम्ही करक चहा प्यालो आणि तो म्हणाला, "काय रे, तोंड पाडून बसलास? तुझ्या डोक्यावर पण ठेवीन एक दिवस. फोटोपुरती."

आता सांगतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

जानेवारीत एका शुक्रवारी शमाल वारा उठला. सामना सुरू होऊन वीस मिनिटं झाली असतील. उत्तरेकडून धूळ आली ती भिंतीसारखी. आधी विमानतळाचे दिवे गेले, मग किल्ला, मग समोरचा गोल. आम्ही डोळ्यांवर शर्ट ओढून बसकडे पळालो. सामना झालाच नाही. बशीर त्या दिवशी ड्यूटीवर होता. संध्याकाळी कॅम्पमध्ये रजिस्टर उघडलं, शिसपेन्सिल उचलली, ठेवली, आणि पेनानं रेघ मारली. जे जे हजर होते त्या सगळ्यांपुढे मारली, म्हणजे कुणी विचारलंच तर बरं. त्यातला पन्नासाच्या जवळ असलेला माणूस मी एकटाच होतो.

मार्चमधला शेवटचा शुक्रवार आला तेव्हा रजिस्टरप्रमाणे आम्ही दोघंही एकोणपन्नासावर होतो. खरे माझे अठ्ठेचाळीस होते.

त्या दिवशीही बशीर ड्यूटीवर. मी पहिल्यापासून खेळलो. साहेब घड्याळ बघत रस्त्याकडे बघत होते, मीही बघत होतो. आम्ही दोघं दोन वेगळ्या गोष्टींसाठी बघत होतो. सामना संपत आला आणि एका पिकअपमधून बशीर उतरला. कामाचे कपडे, कमरेला अजून टेस्टर लटकलेला. धावत आला, आमच्या एकाला बाहेर काढलं, मैदानात शिरला, आणि थेट डाव्या कडेला आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. बॉल बाहेर गेलेला होता. समोरच्या खेळाडूनं थ्रो करायला हात वर नेले आणि रेफ्रीनं शिट्टी वाजवली. सामना संपला. बशीर उभा होता तिथंच उभा राहिला, दोन्ही हात पसरून, आणि मोठ्यांदा हसला.

साहेब तेव्हा गाडीच्या डिकीत वाकून टोपीचा डबा काढत होते. त्यांनी काही पाहिलं नाही.

बशीर धापा टाकत माझ्याकडे आला. "मास्तर, तुला माहीत. हे धरतात का रे?"

त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता. तो डोळे मिचकावत माझ्या उत्तराची वाट बघत होता. मला आजही ते मिचकावणं दिसतं.

"नाही धरत," मी म्हणालो. "बॉल चालू नव्हता."

"अच्छा," तो म्हणाला. "मग तू लिहिशील ते." आणि लगेच, "अरे, मग तुझे झाले ना पन्नास! झाले ना?" त्यानं मला उचललं. खरोखर उचललं, कामाच्या मळक्या कपड्यांत, आणि साहेबांकडे घेऊन गेला.

साहेबांनी डबा उघडताना विचारलं, "आणि बशीर?"

"फॉर्टी नाइन, सर," मी म्हणालो.

टोपी माझ्या डोक्याला सैल होत होती. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यानं वाजवल्या.

एवढंच. त्याचे पन्नास झाले होते आणि माझे एकोणपन्नास. मी ते उलटं केलं. मला बशीरचा राग नव्हता, हेच त्यातलं वाईट आहे. राग असता तर निदान तो राग कधीतरी गेला असता. मला त्या म्हाताऱ्याच्या हातून काहीतरी हवं होतं, आणि हजर राहण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. वहीतल्या त्या डावखुऱ्यासारखं. फक्त त्याच्या रेघा खऱ्या होत्या.

पुढच्या वर्षी कॅम्प हलला, अर्धे लोक दुसऱ्या साईटवर गेले, टीम मोडली. साहेबांची नाताळची कार्डं काही वर्षं आली, मग एका वर्षी आलं नाही. आम्ही दोघांनी आपापली कुटुंबं आणली, ईसा टाउनमध्ये दोन गल्ल्या सोडून राहिलो. त्याची सना आणि माझा मुलगा एकाच स्कूलबसमधून जायची. आणि सोळा वर्षं, कुणीही नवीन माणूस भेटला की बशीर माझ्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, "हा आमचा पन्नासवाला. आणि मी एकोणपन्नास, नॉट आउट." लोक हसायचे. मीही हसायचो. इतक्या वर्षांच्या सरावानं मला ते हसणं चांगलं जमायला लागलं होतं.

आमच्याकडे महिन्यातून एका शुक्रवारी कुणाच्या तरी घरी वंदना असते. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंना हार, मेणबत्त्या, मग सगळे मिळून पंचशील. दुसरं शील, न दिलेलं न घेण्याचं, मी ठीक म्हणून जायचो. टोपी मला दिलेली होती, मी हिसकावली नव्हती, अशी समजूत घालता येत होती. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं माझा आवाज दरवेळी खाली जायचा. शेजारी बसलेली बायको एकदा म्हणाली, "मधेच घसा बसतो तुमचा." धुळीनं, म्हटलं.

या हिवाळ्यात बशीर कायमचा गावी निघाला. गुडघे गेले होते, व्हिसा रिन्यू होणार नव्हता. गुरुवारचं विमान. ज्या शुक्रवारी आमच्या घरातला एसी बंद झाला, त्याच दुपारी मी त्याच्याकडे खोके बांधायला गेलो. बाहेर तो वारा. मला माहीत होतं, की या वाऱ्यात आज बोललो नाही, तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

दार सनानं उघडलं. "अब्बू, गमरे अंकल इज हिअर," आणि मोबाइलमध्ये बघत आत गेली. हॉलभर खोके. बशीर बाथरूमच्या वजनकाट्यावर एक खोका छातीशी धरून उभा होता.

"मास्तर, आकडा वाच. मला खाली वाकून दिसत नाही."

मी वाचला.

"त्यातनं मी वजा कर."

"तुझं वजन किती?"

"ते विचारू नको. शमीम ऐकतेय."

आतून शमीमभाभी म्हणाल्या, "ऐकतेय नाही, बघतेय. चार खोक्यांत तीन ह्यांच्या जुन्या पान्यांचे आहेत. गावाला काय बहरीनचे एसी दुरुस्त करणार?"

आम्ही दोन खोके बांधले. तिसऱ्याला मी टेप लावत होतो, तेव्हा तो म्हणाला, "गावाला खाडीजवळ पोरांनी मैदान केलंय. पुतण्यानं फोटो पाठवले. मी त्याला सांगून ठेवलंय, चाचाची एक बाकी आहे. गुडघ्याला पट्टा बांधीन, दोन मिनिटं उतरेन. पन्नास पूर्ण. मग खलास."

टेपचा रोल माझ्या हातात होता. मी म्हणालो, "बशीर, तुझे पन्नास झालेत."

"काय?"

"मार्चमध्येच. तू उतरला होतास. ते धरतात. साहेबांच्या वहीत धरत होते. मला माहीत होतं."

तो हसायच्या तयारीत होता. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. मी धुळीच्या सामन्याचंही सांगितलं. सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, टेपचं टोक नखानं शोधत. सोबत पिशवीत टोपी आणली होती, ती खोक्यावर ठेवली.

तो टोपीकडे नाही, टेपकडे बघत होता. मग विचारलं, "धुळीच्या दिवशी मी कुठं होतो?"

"ड्यूटीवर. अदलियाच्या एका व्हिलावर."

"तेही तूच लिहिलेलं असणार."

"हो."

शमीमभाभी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "भाई," त्या म्हणाल्या, "ह्यांनी पोरांना, सासऱ्याला, निकाहाच्या मांडवात बसलेल्या माणसांना सांगितलंय. एकोणपन्नास, एकोणपन्नास. तुम्ही शेजारी बसून हसत होता."

मी खाली वाकून खोक्याची उघडी कड दाबून धरली.

बशीरनं शेवटी टोपी उचलली, आतून शिवण बघितली, आणि परत माझ्या पिशवीत घातली. "हे मला नको," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुला माहितीये तू काय केलंस? तेव्हाचं नाही म्हणत. तेव्हाचं सोड, तेव्हा आपण दोघं बावळट होतो. आज काय केलंस ते माहितीये? सोळा वर्षं माझी एक बाकी होती. गुडघे गेले, कंपनी बदलली, अब्बा गेले, मी मनात म्हणायचो, एक बाकी आहे. अजून एक उतरायची आहे. आता कुठं उतरू? एकावन्नावीला? एकावन्नावीची वाट कोण बघतं, मास्तर?"

मी सांगून मोकळा व्हायला गेलो होतो. त्याच्याकडे शिल्लक असलेली एकच गोष्ट, तीही मी काढून घेतली, हे मला तेव्हा कळलं.

उरलेले खोके आम्ही बांधले. तो नुसतं "हे धर", "इथं लाव" एवढंच बोलला. निघताना मी सलाम म्हटलं. त्यानं मान हलवली. गुरुवारी विमानतळावर सोडायला मला बोलावलं नाही; टॅक्सीनं गेले, असं मुलानं सांगितलं. त्या संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. मुहर्रकवरून उठणारी विमानं आमच्या गच्चीवरून फार लहान दिसतात. त्यातलं कुठलं त्याचं, ते ओळखणं शक्य नव्हतं. तरी मी तासभर उभा होतो.

नंतरचे दोन आठवडे हवा फार सुंदर होती. बायका गच्चीवर पापड वाळत घालत होत्या, संध्याकाळी मुलं गल्लीत खेळत होती, आणि माझा एकेक शुक्रवार हातात काही न घेता जात होता. एखाद्या माणसाची आठवण येणं निराळं आणि तो दोन गल्ल्या पलीकडे नाही, हे पायांना कळणं निराळं. माझे पाय दोनदा त्याच्या बिल्डिंगपर्यंत जाऊन आले. बाल्कनीत कुणा दुसऱ्याचे कपडे वाळत होते.

मग परवा त्याचा व्हॉइस मेसेज आला. मागे कोंबडा आरवत होता, कुणीतरी लांबून पोराला हाका मारत होतं. मी तो इतक्यांदा ऐकला की शब्दन् शब्द सांगू शकतो.

"जय भीम, मास्तर. पोचलो. पान्यांच्या खोक्यातले पाने अर्धे गंजले. मैदान बघून आलो, बरं आहे, वाळू आपल्याहून मऊ आहे. अजून उतरलो नाही. आणि ऐक. मी एकोणपन्नासच धरलेत. तुझं रजिस्टर काय म्हणतं ते तुझ्यापाशी, डॉनलचाचाची वही काय म्हणते ते त्याच्यापाशी. माझी एक बाकी आहे. शमीम म्हणते मास्तरला माफ करू नका. मी तिला अजून काही बोललो नाही. चल."

मी कपाटावरून रजिस्टर काढलं. जानेवारीतली धुळीच्या दिवसाची रेघ शोधली, माझ्या ओळीत ती आडवी खोडली आणि पुढे नीट अक्षरात एकोणपन्नास लिहिलं. मग त्याच्या ओळीवर आलो. तिथं पन्नास लिहायला हवं, खरं तेच आहे. पेन टेकवलं होतं. पण त्याच्या नावापुढे त्याला न विचारता मी एकदा लिहिलंय, आणि आता तो स्वतः सांगतोय काय धरायचं ते. मी पेन उचललं. एकोणपन्नास तसंच ठेवलं.

काल बायकोला विचारलं, जानेवारीत दहा दिवस लीव्ह टाकली तर घरचं जमेल का.

"कुठं जायचंय?"

"श्रीवर्धनला."

तिला आता सगळं माहीत आहे. व्हॉइस मेसेज तिनंही ऐकलाय. ती हातातलं काम थांबवून म्हणाली, "बोलावलंय त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो. "बोलावलेलं नाही. पण माझीही एक बाकी आहे."